गाडी न चालवणाऱ्या आईला अमेरिकेतल्या कुठल्या शहरात एकटीने फिरता येईल?

पळसफुल
नमस्कार मंडळी. आम्ही नऊ वर्षं डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतोय. नवऱ्याची बदली होतेय आणि कंपनीने तीन जागा पुढे ठेवल्यात: शिकागो, जर्सी सिटी आणि सिॲटलजवळचं रेडमंड. शाळा, घरभाडं, पगार सगळं बघून झालं. माझा प्रश्न आईसाठी आहे.

आई ६८ वर्षांची. दरवर्षी सहा महिने येते. डोंबिवलीहून व्हीटीला एकतीस वर्षं लोकलने नोकरी केली. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून मेथी निवडलेली बाई आहे ती. इथे सकाळी आम्ही सगळे बाहेर पडलो की ती आणि चार भिंती. फाटकातून निघून फूटपाथने चालत गेलं तर सात-आठ मिनिटांत तो एका कुंपणापाशी संपतो. पुढे सहा पदरी रस्ता, पलीकडे किराणा दुकान. दुकान दिसतं, पण जायची सोय नाही. बस नाहीच.

परवा लवकर घरी आले तर तिच्या चपला दारात बाहेरच्या दिशेला तोंड करून नीट लावलेल्या, शेजारी पर्स. कुठे जायचं ठरलं होतं का विचारलं, तर म्हणाली, "नाही गं, अशाच लावल्या."

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. तर या तिन्हींपैकी कुठे तिला कोणावर अवलंबून न राहता बाहेर पडता येईल? आणि इतरांनीही आपापल्या शहराचं सांगा, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

सातबावीस
चपलांचं वाचून गलबललं.

जर्सी सिटी डोळे मिटून घ्या, पण जर्नल स्क्वेअरच्या आसपासच. तिथून पाथ नावाच्या लोकलच्या गाड्या न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जातात, चोवीस तास चालू असतात, थर्टीथर्ड स्ट्रीटला साधारण वीस-बावीस मिनिटं. स्टेशनपासून चालत गेलं की न्यूअर्क ॲव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअर: भाजी, मिठाई, साड्या, देऊळ, सगळं एका रस्त्यावर. माझ्या सासूबाई रोज सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून जातात आणि दीड तासाने येतात. कोथिंबीर कधी आणतात, कधी विसरतात.

बसशिवाय तिथे छोट्या खाजगी मिनीबसही फिरतात, हात केला की थांबतात. आपल्याकडच्या वडापचीच बहीण. सासूबाईंना अमेरिकेत सगळ्यात आधी कळलेली व्यवस्था तीच.

भर_दुपारी
थोडं वेगळं मत. अमेरिकेत न्यूयॉर्क सोडलं तर गाडीच लागते, उगाच शहर निवडताना हा निकष लावू नका. आईंसाठी महिन्याला टॅक्सीचे पैसे बाजूला काढा. बसचा पास आणि वाट बघण्यातला वेळ धरला तर फरक फार राहत नाही.

पळसफुल
भर_दुपारी, टॅक्सीचं करून बघितलं. ॲप मी लावून दिलं होतं. तीनदा गेली आणि बंद केलं. म्हणाली, "दर वेळी तुला कळतं मी कुठे जातेय, आणि पैसे तुझे कापले जातात." मला पटलं तिचं.

लेकशोअर
शिकागोत सतरा वर्षं, त्यातली बारा गाडीशिवाय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथल्या लोकलला 'एल' म्हणतात, कारण बरीचशी उंच खांबांवरून जाते. गावाच्या मधोमध तिचा जो वळसा आहे, लूप, तो १८९७ पासून आहे. खालून रस्ता, डोक्यावरून गाडी, आणि वळणावर रुळांचा जो काही आवाज होतो तो पहिल्यांदा ऐकताना बोलणंच थांबतं. रेड आणि ब्लू या दोन लाइन्स रात्रभर चालतात. ब्लू लाइन थेट ओहेअर विमानतळाच्या आत जाते, ऑरेंज मिडवेला. आई-बाबांना आणायला मी कधी गाडी भाड्याने घेतलेली नाही.

थंडीबद्दल सगळे घाबरवतील. फलाटावर छताला तापणारे दिवे असतात, बटण दाबलं की लागतात आणि सगळे त्याखाली कोंबडीच्या पिल्लांसारखे गोळा होतात. तरी जानेवारीत ६८ वर्षांच्या बाईंनी रोज बाहेर पडावं असं मी म्हणणार नाही. त्या एप्रिल ते सप्टेंबर येणार असतील तर मात्र शिकागोसारखं शहर नाही.

देशी सामान डेव्हन ॲव्हेन्यूवर. रेड लाइनने मोर्सला उतरायचं आणि १५५ नंबरची बस घ्यायची, ती डेव्हनवरूनच जाते. आईने चौथ्या दिवशी एकटीने केलं हे. बसचा पुढचा भाग थांब्यावर फुस्स आवाज करून खाली झुकतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना पायरी चढावी लागत नाही. उतरायचं असलं की खिडकीशेजारची पिवळी दोरी ओढायची. माझी आई म्हणाली, "अरे, ही तर कंडक्टरची घंटा, प्रवाशांच्या हातात दिलीय." तेव्हापासून जवळ बसलेली असली की इतरांसाठीही तीच ओढते.

एक कळकळीची विनंती: कंपनी शिकागो म्हणाली तरी तुम्ही नेपरव्हिलसारख्या उपनगरात घर बघाल, कारण शाळा. तिथून मेट्राच्या उपनगरी गाड्या शिकागोच्या युनियन स्टेशनला चांगल्या आहेत, पण त्या नोकरदारांच्या वेळेच्या. दुपारी आणि शनिवार-रविवारी दोन गाड्यांमध्ये मोठं अंतर असतं. आणि स्टेशनपर्यंत जायला पुन्हा गाडीच लागेल. म्हणजे डॅलसचंच घर, फक्त बर्फासकट.

चकलीचा_सोऱ्या
लेकशोअर यांच्या शेवटच्या परिच्छेदावर शंभर वेळा अनुमोदन. शहराचं नाव बघू नका, घराचा पत्ता बघा. न्यू जर्सीतल्या एडिसनबद्दलही तेच. ओक ट्री रोडवर सगळं मिळतं, मेट्रोपार्क स्टेशन आहे, पण स्टेशनजवळच घर नसेल तर आई पुन्हा घरातच.

खाडीकाठ
सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून. तुमच्या यादीत नाही, पण इतरांसाठी लिहिते.

बार्ट ही इथली लोकल १९७२ साली सुरू झाली. तिच्याबद्दल मला फार आवडणारी गोष्ट: तिच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर आहे. म्हणजे आपलं ब्रॉड गेज, साडेपाच फूट! बाकी जवळजवळ सगळी अमेरिका १४३५ मिलिमीटरवर चालते. मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा फ्रीमाँटच्या फलाटावर उभे राहून रुळांकडे बघत म्हणाले, "हे आपलं माप आहे." मी हसले, मग घरी येऊन शोधलं तर खरंच निघालं. आंटिओकचा टोकाचा तुकडा तेवढा वेगळ्या मापाचा आहे.

गेज ओळखीचं असलं तरी डबे आणि सुटे भाग खास बनवून घ्यावे लागतात, ते महाग पडतं. रात्री उशिरा काही स्टेशनांवर मला एकटीला बरं वाटत नाही, तेही खरं. पण दिवसा बाबा फ्रीमाँटहून सॅन फ्रान्सिस्कोला जातात, फेरी बिल्डिंगपाशी बसून येतात. सप्टेंबर २०२४ पासून कॅलट्रेन ही दुसरी लोकलही विजेवर धावते, एक्स्प्रेस सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होझे तासाच्या आत. डिझेलच्या दिवसांत ज्यांनी रोज प्रवास केलाय त्यांना विचारा काय फरक पडलाय ते.

देवदारू
रेडमंडमधून. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर नको म्हटलं असतं. एप्रिल २०२४ मध्ये इथे लाइट रेलची (मेट्रोपेक्षा हलकी, विजेवरची गाडी) टू लाइन सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये ती रेडमंडच्या मध्यवस्तीपर्यंत आली. दर आठ-दहा मिनिटांनी गाडी. वॉशिंग्टन सरोवरावरच्या तरंगत्या पुलावर रूळ टाकलेत, असं जगात आधी कुठे झालेलं नाही. पुलाची पातळी पाण्याबरोबर वरखाली होते, म्हणून काठाशी जोडताना वाकू शकतील असे सांधे करावे लागले.

बी लाइन नावाची बस रेडमंड, ओव्हरलेक, क्रॉसरोड्स, बेलव्ह्यू अशी जाते. क्रॉसरोड्सच्या मॉलमध्ये कमरेइतक्या उंच सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. माझे सासरे तिथे दुपारी जातात. रशियन, चिनी आजोबांबरोबर खेळतात. भाषा कोणाचीच कोणाला येत नाही.

६५ च्या पुढे तिकीट १ डॉलर, त्यासाठी वेगळं ऑर्का कार्ड. आम्ही पासपोर्ट दाखवून काढलं. १८ आणि त्याखालच्या मुलांना पूर्ण फुकट. म्हणजे नातू आजीला घेऊन जाऊ शकतो, आजीने नातवाला नेण्याऐवजी.

पण रेल्वेपासून वीस मिनिटांवरच्या टेकडीवर घर घेतलंत तर तिथे बस कमी आणि चढ फार.

ह्यूस्टनची_सर
टेक्सासला सगळ्यांनी एका माळेत ओवू नका. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये जवळजवळ सगळे बसमार्ग एका रात्रीत बदलले. त्या आखणीत जॅरेट वॉकर हे वाहतूक नियोजक होते. आधी बऱ्याचशा बस डाउनटाउनला जायच्या. मग जाळीसारखे मार्ग केले आणि मुख्य मार्गांवर शनिवार-रविवारीही दर पंधरा मिनिटांनी बस ठेवली. खर्च जवळपास तेवढाच. लूपच्या, म्हणजे शहराभोवती फिरणाऱ्या महामार्गाच्या, आत राहणाऱ्यांना फायदा झाला. बाहेर तुमच्यासारखीच परिस्थिती.

पळसफुल
हे माहीत नव्हतं. मग आमच्याकडे का नाही? डॅलसला तर एवढी मोठी लाइट रेल आहे.

ह्यूस्टनची_सर
आहेच. ९३ मैल, अनेक वर्षं देशातली सगळ्यात लांब लाइट रेल होती. पण ती चालवणाऱ्या डार्ट या संस्थेत जी शहरं सभासद आहेत ती आपल्या विक्रीकरातला १ टक्का तिला देतात. फ्रिस्को, मॅकिनी ही उत्तरेकडची उपनगरं कधीच सभासद झाली नाहीत. टेक्सासमध्ये शहराला विक्रीकर लावायला मर्यादा आहे. तो टक्का फ्रिस्कोने उद्योग आणि शहरविकासाकडे वळवला. शहर झपाट्याने वाढलं, पण बस आली नाही. तुमच्या आईंच्या फूटपाथचं कुंपण अशा निर्णयांमधून उभं राहतं.

तिसरी_घंटा
अटलांटातही हीच गोष्ट. मार्टा ही इथली मेट्रो १९७९ पासून आहे, विमानतळाच्या आतून निघते, सुरेख. पण शेजारच्या ग्विनेट काउंटीने २०१९ मध्ये मतदान करून मार्टाला नको म्हटलं आणि २०२४ मध्ये सार्वजनिक वाहतूक वाढवायच्या करालाही नको म्हटलं. मी त्याच काउंटीत राहतो. दोन्ही वेळा हो म्हणून मत दिलं.

जुनी_ट्राम
यात इतिहास आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. लॉस एंजेलिसमध्ये एके काळी पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल ट्राम हजार मैलांहून जास्त रुळांवर धावायच्या. शेवटची १९६१ मध्ये बंद झाली. गाड्या आणि टायर बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ट्राम संपवल्या.

ह्यूस्टनची_सर
जुनी_ट्राम, हे अर्धंच. त्या कंपन्यांवर खटला झाला हे खरं, पण ट्राम कंपन्या त्याआधीच तोट्यात होत्या. भाडं वाढवायला परवानगी मिळायची नाही, आणि रस्त्यात मोटारींची गर्दी होऊन ट्राम अडकायच्या. खरा घाव १९५६ च्या महामार्ग कायद्याचा. आंतरराज्य महामार्गाचा ९० टक्के खर्च केंद्र देणार म्हटल्यावर कुठलं राज्य रूळ टाकत बसेल?

जुनी_ट्राम
९० टक्क्यांचा मुद्दा मान्य. पण ज्या शहरांनी रूळ राखले त्यांचं आज बरं चाललंय, हे तुम्हीही मान्य कराल. बॉस्टन बघा.

चार्ल्सकाठची_मावशी
बॉस्टनचं नाव निघालं म्हणून. अमेरिकेतला पहिला भुयारी मार्ग इथला, ट्रेमाँट स्ट्रीटचा, १८९७. ग्रीन लाइन अजून त्यातून जाते. पण मार्च २०२३ मध्ये रूळ इतके खराब झाले होते की सबंध जाळ्यावर गाड्यांना वेगमर्यादा घातली. मी त्या दिवसांत फलाटावर उभी राहून अक्षरशः विणकाम केलंय, भाचीचा स्वेटर तिथेच पूर्ण झाला. मग नवे महाव्यवस्थापक फिलिप इंग आले. ते रेल्वेतलेच. त्यांनी एकेक भाग काही दिवस पूर्ण बंद ठेवून रूळ बदलले आणि डिसेंबर २०२४ पर्यंत सगळ्या मर्यादा उठवल्या. जुनं झालं म्हणून टाकून द्यायची गरज नसते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाटाड्या७४
वॉशिंग्टन डीसी कोणीच लिहिलं नाही? माझ्या मते आई-बाबांसाठी देशातली सर्वांत स्वच्छ, सोपी मेट्रो. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट. सिल्व्हर लाइन नोव्हेंबर २०२२ पासून इथल्या डलस (डॅलस नव्हे) विमानतळापर्यंत जाते, वाटेत रेस्टन, हर्नडन, जिथे मराठी माणसं भरपूर. स्मिथसोनियनची संग्रहालयं फुकट. आई दर बुधवारी डबा घेऊन जायची, एका हिवाळ्यात तिने विमानांचं सगळं संग्रहालय पाहून काढलं. तिकीट अंतराप्रमाणे, म्हणून उतरतानाही कार्ड लावावं लागतं, एवढं शिकवावं लागलं.

व्हीटनचा सरकता जिना मात्र दाखवू नका. २३० फूट आहे. वरून खाली बघितल्यावर आई म्हणाली, "मी इथेच थांबते, तू जाऊन ये."

कांदेपोहे
न्यूयॉर्कची सबवे राहिलीच की. १९०४ पासून, ४७२ स्टेशनं, रात्रंदिवस. जॅकसन हाइट्सला सेव्हन्टीफोर्थ स्ट्रीटवर उतरलात की पाच लाइन्स एकत्र येतात आणि बाहेर अख्खा दक्षिण आशिया. तिथून सात नंबरच्या गाडीने शेवटचं स्टेशन फ्लशिंग, गणपतीचं देऊळ आणि त्याच्या तळघरातला डोसा. देऊळ १९७७ चं.

अण्णा_नेवार्ककर
मी स्वतः ७३ वर्षांचा आहे. मुलाकडे राहतो. इथे सगळी तरुण मंडळी मार्ग, रूळ, तिकीट यांवर बोलत आहेत. आमच्या वयाचा पहिला प्रश्न कोणी काढला नाही, तो मी काढतो. लघवीची सोय.

मला मधुमेह आहे. सबवे कितीही चांगली असली तरी चाळीस-पन्नास मिनिटं मधे सोय नसेल तर मी घरून निघत नाही. आमच्यातले निम्मे लोक "कंटाळा आला" म्हणून सांगतात, खरं कारण हे असतं. माझी युक्ती: प्रत्येक मार्गावर सार्वजनिक ग्रंथालय कुठे आहे ते आधी पाहून वहीत लिहून ठेवतो. ग्रंथालयात स्वच्छ सोय असते, बसायला मिळतं, कोणी उठवत नाही. वहीत सध्या अकरा ग्रंथालयं आहेत.

दुसरं, जिने. न्यूयॉर्कच्या बहुतेक स्टेशनांवर अजून लिफ्ट नाही. २०५५ पर्यंत ९५ टक्के स्टेशनांवर करू असं त्यांनी २०२२ मध्ये कबूल केलंय. मी काही २०५५ पर्यंत थांबणार नाही, म्हणून जिथे लिफ्ट आहे त्या स्टेशनांवरच जातो.

तिसरं, वाट बघणं. एका शहरात, नाव घेत नाही, भर उन्हात पन्नास मिनिटं उभा होतो. थांब्याला बाक नव्हता, सावली नव्हती. बस आली नाही. एका मेक्सिकन बाईने मला स्वतःची छत्री दिली आणि माझ्या शेजारी उन्हात उभी राहिली. त्या दिवसापासून मी कुठल्याही शहरात फक्त एवढंच बघतो: थांब्याला बाक आहे का, आणि पुढची बस किती मिनिटांनी.

पळसफुल, बाळ, आईंना विचारलंस का त्यांना कुठे जायचं आहे?

खाडीकाठ
अण्णा, ही वही इथे टंकून टाकाल का? माझ्या बाबांनी दोन वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला जाणं एकदम कमी केलं होतं. मला वाटलं कंटाळले. आज कळलं.

लेकशोअर
अण्णांच्या पोस्टनंतर माझ्या शिकागोच्या वर्णनात दुरुस्ती: एलच्या स्टेशनांवर प्रवाशांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. हे सतरा वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

भर_दुपारी
माझं वरचं मत मागे घेतो. माझे वडीलही येणार आहेत मार्चमध्ये. ऑस्टिनचं कोणी सांगू शकेल का?

पळसफुल
अण्णा, नव्हतं विचारलं. आम्ही तिच्यासाठी ठरवत होतो, तिला न विचारता.

काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. तुमच्या छत्रीच्या गोष्टीला थांबून पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, तुला कुठे जायचं असतं? मला वाटलं देऊळ म्हणेल, भाजी म्हणेल. ती म्हणाली, "कुठे असं नाही. मला खिडकीत बसून जायचं असतं. माणसं चढतात, उतरतात, ते बघायचं असतं. आणि परत यायचं असतं, माझ्या वेळेला."

बदलीचं या महिन्याअखेर कळवायचं आहे. जर्सी सिटीकडे मन झुकलंय. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं तिकडे जाऊन घरं बघणार आहोत, आईला घेऊनच. आईने धाग्यातून यादी काढलीय: स्टेशनला लिफ्ट, रस्त्यावर ग्रंथालय, थांब्याला बाक. चौथं तिने स्वतः घातलं: "शेजारी बोलणारी एखादी बाई".

सातबावीस
जर्नल स्क्वेअर आणि ग्रोव्ह स्ट्रीट दोन्हीकडे लिफ्ट आहे. पण चालू आहे का ते प्रत्यक्ष बघा. शनिवारी येताय तर सकाळी अकरापर्यंत या, सासूबाई कोथिंबिरीला निघालेल्या असतील. त्यांना सांगून ठेवते.

अण्णा_नेवार्ककर
जर्सी सिटीतली दोन ग्रंथालयं वहीत आहेत. संध्याकाळी टंकतो.